माजी सैनिक संघटनांचे बिल्ले : मान, पावती की कुंपण?

जुनाबाजारी

नमस्कार मंडळी.

युद्धपदकांवर आपल्याकडे बऱ्यापैकी लिहिलं जातं. पण लढाई संपल्यावर त्याच माणसांनी एकत्र येऊन ज्या संघटना काढल्या, त्यांच्या बिल्ल्यांकडे कोणी ढुंकून बघत नाही. जुन्या बाजारात पदकाला गिऱ्हाईक लगेच मिळतं. बिल्ला मात्र गंजक्या कुलपांच्या ढिगात पडून असतो. मला नेमकं त्याच बिल्ल्यांचं वेड आहे.

पदक सरकार देतं. बिल्ला वर्गणी भरून घ्यावा लागतो आणि तो देणारे तुमचेच सोबती असतात. म्हणजे कोणाला द्यायचा आणि कोणाला नाही, हेही तेच ठरवतात. माझं मत असं की या बिल्ल्यांचा इतिहास म्हणजे कोणाला आत घेतलं नाही, याचा इतिहास आहे.

सुरुवातच बघा. १७८३ मध्ये, अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध संपता संपता, वॉशिंग्टनच्या सैन्यातल्या अधिकाऱ्यांनी 'सोसायटी ऑफ द सिनसिनाटी' काढली. साध्या शिपायाला प्रवेश नाही. सभासदत्व मात्र वारसाहक्काने थोरल्या मुलाकडे. बिल्ला सोन्याच्या गरुडाचा, आणि त्याचं चित्र काढलं पिएर लांफाँ याने, ज्याने पुढे वॉशिंग्टन शहराचा आराखडा केला. राजा घालवला आणि आता सरदार आणताय का, म्हणून देशभर ओरड झाली. बेंजामिन फ्रँकलिनने मुलीला लिहिलेल्या पत्रात या प्रकाराची यथेच्छ टर उडवली. बिल्ल्यावरचा गरुड टर्की पक्ष्यासारखा दिसतो अशी टीका होत होती. त्यावर त्याचं म्हणणं, मग बरंच झालं, गरुडापेक्षा टर्की सज्जन!

मग अमेरिकेच्या यादवी युद्धानंतरची 'ग्रँड आर्मी ऑफ द रिपब्लिक'. ६ एप्रिल १८६६, डिकेटर, इलिनॉय. संस्थापक डॉ. बेंजामिन स्टीफन्सन. उत्तरेच्या बाजूने लढलेला कोणीही, शिपाई असो वा जनरल, चालेल. बिल्ला म्हणजे वर गरुड, मध्ये झेंड्याची फीत, खाली पाच टोकांचा तारा, आणि तारा शत्रूकडून जिंकलेल्या तोफांच्या ब्राँझचा. रोजच्या वापराला कोटाच्या काजात लावायचं छोटं ब्राँझचं बटण. इतकं सगळं छान चाललेलं असताना १८६९ मध्ये यांनी सभासदांच्या तीन पायऱ्या केल्या : रिक्रूट, सोल्जर, व्हेटरन. लोक धडाधड बाहेर पडले. १८७१ मध्ये पायऱ्या गुंडाळाव्या लागल्या. पुढे १८९० च्या सुमारास हीच संघटना चार लाखांवर गेली.

ब्रिटनमध्ये पहिल्या महायुद्धानंतर चार संघटना होत्या. एक कामगार चळवळीच्या जवळची, दुसरी लिबरलांच्या, तिसरी या दोघींना शह म्हणून कॉन्झर्व्हेटिव्हांनी उभी केलेली 'कॉम्रेड्स ऑफ द ग्रेट वॉर', आणि चौथी अधिकाऱ्यांची. दुसऱ्या संघटनेत तर आधी अधिकाऱ्यांना बंदीच होती, शिपायातून वर चढलेला असेल तरच प्रवेश. १५ मे १९२१ ला चौघी एकत्र होऊन ब्रिटिश लीजन झाली.

आता प्रश्न. एवढे लाखो भारतीय दोन महायुद्धांत लढले. मग आपल्याकडे असा कोटावरचा संघटनेचा बिल्ला का दिसत नाही? की आहे आणि मलाच मिळाला नाही?

---

मी_अनुजा

वाचतेय. फोटो टाका की!

---

तिरकस_पेठकर

तीन पायऱ्यांचं वाचून हसू आवरेना. आमच्या गणेश मंडळात 'कार्यकर्ता'चा बिल्ला सगळ्यांना सारखा होता तोवर मांडव वेळेवर उभा राहायचा. एका वर्षी 'प्रमुख कार्यकर्ता' असा वेगळा, झालरवाला बिल्ला काढला. त्या वर्षी खड्डे खणायला कोणी नाही, सगळे प्रमुख.

---

मेलबर्नचा_मोरू

जुनाबाजारी, ऑस्ट्रेलियाचा बिल्ला तुम्ही विसरलात, आणि तुमच्या 'पावती' मुद्द्याला तोच सगळ्यात जवळचा. इथली रिटर्न्ड सर्व्हिसेस लीग, म्हणजे आरएसएल, १९१६ मध्ये सुरू झाली. युद्ध अजून संपलं नव्हतं, पण तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीहून जखमी परत यायला लागले होते. त्यांच्या जुन्या बिल्ल्यावर वर छोटा मुकुट असतो. दरवर्षी वर्गणी भरली की त्या वर्षाच्या आकड्याची इवलीशी पट्टी त्या मुकुटात बसवायची. म्हणजे समोरच्याच्या कोटाकडे बघितलं की कळायचं, गडी चालू वर्षाचा सभासद आहे की बाकीदार! शिवाय बिल्ला लीगच्या मालकीचा, माणसाकडे फक्त वापरायला.

आता आरएसएल म्हटलं की इथल्या तरुण पोरांना स्वस्त जेवण, बिअर आणि जुगाराची मशिनं आठवतात. मीही शुक्रवारी चिकन पारमा खायलाच जातो. पण संध्याकाळी ठरलेल्या वेळी दिवे मंद होतात, मशिनं थांबतात आणि मृतांच्या आठवणीतल्या ओळी म्हटल्या जातात. हातातला घास तसाच ठेवून सगळे उभे राहतात. पहिल्यांदा मला वाटलं वीज गेली.

आणि भारताचा संबंध इथेही आहे बरं का. २५ एप्रिल १९१५ ला अँझॅक (म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या) तुकड्यांबरोबर गॅलिपोलीला उतरलेल्या पहाडी तोफखान्याच्या दोन बॅटऱ्या भारतीय होत्या, २१ वी कोहाट आणि २६ वी जेकब्ज.

---

फौजी_सातारकर

धागा चांगला आहे पण जुनाबाजारी साहेबांच्या मताशी मी सहमत नाही.

मी पायदळातून सुभेदार म्हणून पेन्शन आलो. आमच्याकडे दोन माजी सैनिक एस.टी. स्टँडवर भेटले तर पहिला प्रश्न "कुठली पलटण?" दुसरा "कुठल्या सालची भरती?" एवढ्यात सगळं कळतं. सीओ (पलटणीचे मुख्य अधिकारी) कोण होते, कुठल्या ठाण्यावर होतो, लंगरचा उस्ताद कोण, इथपर्यंत गाडी जाते. त्याला बिल्ला कशाला पाहिजे? संघटना तालुक्याला एक असते, जिल्ह्याला तीन असतात, निवडणूक आली की चौथी निघते. पलटण एकच असते. आमचा बिल्ला पलटणीचा. ब्लेझरच्या खिशावर जरीचा, टायवर बारीक विणलेला. पलटणीच्या वर्धापनदिनाला बेळगावला या, मग बघा बिल्ले किती ते.

कुंपण म्हणाल तर प्रत्येक घराला असतंच. युद्धावर न गेलेला माणूस युद्धावर गेलेल्यांच्या संघटनेत कशाला?

आमच्या जिल्ह्यात अपशिंगे गाव आहे. नावातच मिलिटरी, अपशिंगे मिलिटरी. पहिल्या महायुद्धात त्या एका गावच्या ४६ जणांनी प्राण दिले. गावात दगडी स्मारक आहे. अशा संगमरवरी पाट्या साताऱ्यात, कोकणात गावोगाव सापडतील : या गावातून इतके जण महायुद्धाला गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. गावाला पाटी मिळाली, माणसाला पदक आणि पेन्शन. संघटना काढायची ती कोणाविरुद्ध?

---

मी_अनुजा

"निवडणूक आली की चौथी निघते" :) साहेब, दंडवत.

---

बखरवाचिका

सुभेदार साहेब, तुमच्या शेवटच्या प्रश्नाला आपल्याच कोकणात एक उत्तर आहे.

दापोली ही एकोणिसाव्या शतकात पेन्शनर शिपायांची मोठी वसाहत होती. गोपाळबाबा वलंगकर हे महाडजवळच्या रावढळचे, १८८६ मध्ये पलटणीतून निवृत्त होऊन दापोलीला राहिले. त्यांनी 'अनार्य दोष परिहारक मंडळी' काढली. मंडळी सामाजिक सुधारणेची, पण तिचा कणा पेन्शनर शिपाई. १८९० च्या दशकात इंग्रजांनी 'लढवय्या जाती'च्या धोरणापायी महारांची भरती बंद केली. ज्यांचे बाप-आजे पलटणीत हवालदार, सुभेदार होते त्यांच्या मुलांना दार बंद! तेव्हा या मंडळींतर्फे १८९४ मध्ये अर्ज तयार झाला : आमची भरती पुन्हा सुरू करा, आमच्या लोकांनी कुठे कुठे चाकरी केली ते बघा. डॉ. आंबेडकरांचे वडील सुभेदार रामजी हेही निवृत्तीनंतर आधी दापोलीलाच राहिले, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्या गावात पेन्शनरांचं असं सार्वजनिक जीवन होतं, इकडे लक्ष जात नाही. पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी पुणे भागातून हीच मागणी लावून धरली.

त्यांच्याकडे एनॅमलचा बिल्ला नव्हता. सैन्यात केलेली नोकरी हीच त्यांची ओळख होती आणि तिच्या बळावर ते हक्क मागत होते. जुनाबाजारींचं 'कुंपण' इथे उलट्या बाजूने दिसतं. संघटनेने कोणाला बाहेर ठेवलं नाही, सैन्यानेच बाहेर ठेवलं म्हणून संघटना झाली.

आणि बिल्ल्याचंच म्हणाल तर १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या टोपीवरच्या बिल्ल्यावर कोरेगावचा स्तंभ होता. पुढे स्तंभाच्या जागी खंजीर आला.

---

स्पष्टबोल्या

झालं, प्रत्येक धाग्यात जात आणायचीच.

---

बखरवाचिका

@स्पष्टबोल्या, भरती जातीवर होती. मी आणली नाही, १८९२ च्या सुमारास सरकारने आणली.

---

स्पष्टबोल्या

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

---

संपादक

विषयाला धरून लिहावे. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

---

लंडनची_लीना

मी_अनुजा, फोटो लावायला जमत नाहीये म्हणून वर्णन करते.

माझ्या ऑफिसजवळ शनिवारी जुन्या वस्तूंची हातगाडी लागते. तिथे 'सिल्व्हर वॉर बॅज' हातात घेऊन बघितला. जुन्या आठ आण्याच्या नाण्यापेक्षा थोडा मोठा, अस्सल चांदी, मधोमध राजाची आद्याक्षरं आणि कडेने गोल लिहिलेलं : राजासाठी, साम्राज्यासाठी, सेवा बजावली. पाठीमागे साडीपिनेसारखी आडवी पिन आणि त्याखाली कोरलेला क्रमांक. कडा बोटाला गुळगुळीत लागत होत्या, म्हणजे रोज वापरलेला.

हा संघटनेचा बिल्ला नाही, सरकारीच, सप्टेंबर १९१६ पासून दिलेला. पण त्याची गरज का पडली ते ऐका. ऑगस्ट १९१४ मध्ये फोकस्टनला एका निवृत्त ॲडमिरलने बायकांना हाताशी धरून एक टूम काढली. साध्या कपड्यात तरुण पुरुष दिसला की त्याला पांढरं पीस द्यायचं, म्हणजे तू भित्रा. ही पिसं फ्रान्सहून जखमी होऊन आलेल्यांनाही मिळायला लागली. फुप्फुस निकामी झालेला माणूस बाहेरून धडधाकटच दिसणार ना! म्हणून हा बिल्ला, उजव्या छातीवर, फक्त साध्या कपड्यांवर लावायचा. असे दहा लाखांहून जास्त वाटले गेले.

म्हणून मला वाटतं सुभेदार साहेब म्हणतात तसं "कुठली पलटण" विचारून काम भागतं ते गावात. लंडनच्या ट्रॅममध्ये कोण विचारणार?

---

जुनाबाजारी

वा, लीनाताई, बखरवाचिका, साहेब, सगळ्यांचे आभार. धागा माझ्यापेक्षा मोठा झाला.

साहेब, युद्धावर न गेलेल्याला बाहेर ठेवणं समजू शकतो. माझा मुद्दा युद्धावर गेलेल्यालाच बाहेर ठेवण्याचा आहे. जर्मनीचं उदाहरण देतो. तिथे माजी सैनिकांच्या मंडळांची सुरुवात फार साध्या गरजेतून झाली : मेलेल्या सोबत्याला लष्करी इतमामाने पोचवायचं, थडग्यावर बंदुकीची सलामी द्यायची. पुढे ही हजारो मंडळं 'किफहॉयजरबुंड' या छत्राखाली आली आणि पहिल्या महायुद्धाच्या तोंडावर सभासद झाले २८ लाखांच्या घरात. आणि नियम काय? समाजवादी पक्षाचा माणूस चालणार नाही! फ्रान्सविरुद्धच्या १८७० च्या युद्धात लढलेला असला तरी.

डिसेंबर १९१८ मध्ये माग्देबुर्गमध्ये फ्रान्झ झेल्टेने 'श्टालहेल्म' काढली. बिल्ला म्हणजे लोखंडी शिरस्त्राण. १९२४ मध्ये त्यांनी ज्यूंना बंदी केली. त्याच खंदकांत जर्मनीसाठी बारा हजार ज्यू सैनिक मेले होते. ज्यू माजी सैनिकांची वेगळी संघटना १९१९ मध्ये लिओ लोवेनश्टाइनने आधीच काढली होती, आणि ती हाच आकडा पत्रकांवर छापून लोकांना सांगत राहिली. १९३८ मध्ये ती बंद पाडली गेली. श्टालहेल्मची गत काही वेगळी झाली नाही. झेल्टे हिटलरचा मंत्री झाला आणि त्याची संघटना १९३५ पर्यंत नाझींनी गिळली.

अमेरिकन लीजन १९१९ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली. दक्षिणेच्या राज्यांत काळ्या सैनिकांच्या शाखा वेगळ्या. बिल्ला तोच, दार वेगळं.

---

तिरकस_पेठकर

अवांतर : आपल्याकडे कोटावर बिल्ला नसेल, गाडीच्या काचेवर 'आर्मी' असतंच. मालक वाणसामानाचा व्यापारी, मेव्हण्याचा चुलतभाऊ एन.सी.सी.त होता.

---

फौजी_सातारकर

पेठकर, हे मात्र शंभर टक्के खरं. टोलनाक्यावर मी ओळखपत्र काढून दाखवतो आणि पुढचा स्टिकरवाला नुसता हात दाखवून जातो.

---

कायद्याचा_कीस

अमेरिकेत खोटं शौर्य मिरवणाऱ्यांवर २००६ मध्ये कायदा केला होता. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. कारण, खोटं बोलणं हासुद्धा अभिव्यक्तीचा भाग! मग २०१३ मध्ये नवा कायदा आला : खोटं सांगून पैसा किंवा फायदा उकळलात तरच गुन्हा. पेठकरांच्या व्यापाऱ्याने टोल वाचवला असेल तर तो नव्या कायद्यात बसतो. (हलके घ्या.)

---

निळू_नाशिककर

सगळे बिल्ल्याच्या नक्षीत अडकलेत. संघटना निघतात त्या पैशासाठी, आणि यात कमीपणा काही नाही. ग्रँड आर्मीने दबाव आणला म्हणून १८९० चा पेन्शन कायदा झाला. त्यांचे पाच सभासद राष्ट्राध्यक्ष झाले : ग्रँट, हेज, गारफिल्ड, हॅरिसन, मॅकिन्ले. पाचही रिपब्लिकन. लोक संघटनेच्या आद्याक्षरांवरून 'जनरली ऑल रिपब्लिकन्स' अशी टवाळी करायचे.

संघटनेचं पाठबळ नसलं की काय होतं ते १९३२ मध्ये दिसलं. मंदीत बेकार झालेले हजारो माजी सैनिक बोनस मागायला वॉशिंग्टनला येऊन झोपड्या टाकून राहिले. २८ जुलैला लष्करप्रमुख मॅकआर्थरने त्यांच्यावर घोडदळ आणि रणगाडे घातले, झोपड्या जळाल्या. बोनस मिळाला तो १९३६ मध्ये.

आपल्याकडे 'वन रँक वन पेन्शन'साठी २००९ मध्ये माजी सैनिकांनी आपली पदकं राष्ट्रपतींकडे परत पाठवायला सुरुवात केली. २०१५ मध्ये जंतरमंतरवर बसले, ५ सप्टेंबरला घोषणा झाली. साहेब, पदकं परत देताना कोणी "कुठली पलटण" विचारलं नाही. सगळ्या पलटणी एका सतरंजीवर होत्या.

---

फौजी_सातारकर

निळूभाऊ, मुद्दा मान्य. पदक परत देणं सोपं नसतं एवढंच सांगतो. आमच्या गावातले एक हवालदार काका पोस्टात पार्सल करायला गेले आणि काउंटरवरून पदक घेऊन परत आले. म्हणाले, रागाचं पत्र पाठवतो, हे नाही पाठवत. दुसऱ्या काकांनी पाठवलं. दोघे आजही एका पारावर बसतात.

---

कोकणकन्या_७८

सुभेदार काका, एक विचारायचं होतं. माझ्या पणजोबांची पदकं आहेत, मेसोपोटेमियातली (आजचा इराक). ते ११७ व्या मराठा पलटणीत होते, कुतच्या वेढ्यात सापडले होते असं घरी सांगतात. दादाच्या लग्नात मी ती लावली तर चालेल का? एक आत्या म्हणते अपमान होतो.

---

फौजी_सातारकर

ताई, १०३, ११० आणि ११७ या तिन्ही मराठा पलटणी कुतमध्ये होत्या, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. त्यानंतरच्या कैदेत फार हाल झाले. तुमचे पणजोबा परत आले हीच मोठी गोष्ट.

स्वतःची पदकं डाव्या छातीवर लावतात. वाडवडिलांची लावायची तर उजव्या बाजूला. ही रीत मुख्यतः इंग्रजांकडची आणि ऑस्ट्रेलियाची, पण कोणी फौजी बघेल तर त्याला लगेच समजेल. लग्नात नका लावू असं मी म्हणेन, हळदीचे डाग फितीवरून जात नाहीत. ७ डिसेंबरला, ध्वजदिनाला लावा. आणि पितांबरी लावून घासू नका! फीत विरली असेल तर विरू द्या.

---

मेलबर्नचा_मोरू

+१. इथे अँझॅक दिनाच्या संचलनात नातवंडं उजवीकडे पदकं लावून चालतात.

त्यावरून आठवलं, संघटनेने वारसांना घ्यावं का हा वाद इथे जोरात असतो. सिनसिनाटीवाल्यांनी वारसा ठेवला, ते अजून आहेत. ग्रँड आर्मीने फक्त त्या एका युद्धातल्यांना घेतलं. १९५६ मध्ये मिनेसोटात अल्बर्ट वूल्सन वारले आणि संघटना त्यांच्याबरोबर संपली. एका माणसाची संघटना! शेवटी शेवटी वर्गणी कोणाकडे भरत असतील?

---

लंडनची_लीना

तशीच इकडची 'ओल्ड कंटेम्टिबल्स'. जर्मन सम्राट कैसरने १९१४ च्या ब्रिटिश फौजेला क्षुद्र म्हटलं, अशी बातमी पसरली होती. तीच शिवी यांनी नाव म्हणून घेतली. १९२५ मध्ये संघटना निघाली. अट अशी की ५ ऑगस्ट ते २२ नोव्हेंबर १९१४ या काळात फ्रान्स-बेल्जियममध्ये असायला हवं. एक दिवस उशीर झाला तर नाही! सभासद एकमेकांना हुद्द्याने हाक मारायचे नाहीत, जनरललाही 'चम'च, म्हणजे दोस्त. १९७० च्या दशकात माणसंच उरली नाहीत.

गंमत म्हणजे भारतीय फौजेची पहिली तुकडी २६ सप्टेंबर १९१४ ला मार्सेलला उतरली आणि ऑक्टोबरअखेर खंदकात होती. म्हणजे तारखेच्या हिशेबाने पंजाबी, गढवाली, गुरखा शिपाईही या अटीत बसत होते. १९१४ चं पदक त्यांना मिळालंही.

बर्मा स्टार असोसिएशन १९५१ ची. तिने २०२० मध्ये राष्ट्रीय पातळीवरचं काम थांबवलं, आता वारसांसह स्मृतिनिधी म्हणून चालते.

---

मी_अनुजा

लीनाताई, ते लाल कागदी फूल पण बिल्लाच का?

---

लंडनची_लीना

पॉपी? तो सगळ्यांसाठी आहे, सभासदत्व नको, डब्यात नाणं टाकलं की मिळतो. १९२१ पासून. मधल्या काळ्या बटणावर १९९४ पर्यंत 'हेग फंड' छापलेलं असायचं, म्हणजे ज्या फील्ड मार्शलच्या हुकमाने सोमच्या लढाईत लाखो मेले-जखमी झाले त्याचंच नाव छातीवर. १९३३ मध्ये बायकांच्या सहकारी गिल्डने युद्धविरोधी पांढरी पॉपी काढली, त्यावरून आजही भांडणं होतात. भारतीय सैनिकांच्या स्मरणासाठी अलीकडे दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनने झेंडू पुढे आणला आहे. इथल्या कार्यक्रमात शेजारी लाल पॉपी आणि माझ्याकडे झेंडू, लोक विचारतात दसरा आहे का.

---

जुनाबाजारी

मूळ प्रश्न तसाच राहिला हो. आपल्याकडे बिल्ला का नाही?

---

बखरवाचिका

माझा अंदाज सांगते.

ब्रिटनमध्ये १९१६ ते १९२१ दरम्यान सैनिकांनी आपापल्या संघटना काढल्या. हिंदुस्थानात तेवढी मोकळीक द्यायला सरकार तयार नव्हतं. पंजाबात १९१९ ला काय वातावरण होतं ते आपण जाणतो. शस्त्रं चालवायला शिकलेले हजारो लोक स्वतःच्या संघटना काढून बसलेले त्यांना परवडणारे नव्हते. म्हणून १९१९ मध्ये इंडियन सोल्जर्स बोर्ड आलं आणि खाली जिल्ह्याजिल्ह्याला सोल्जर्स बोर्डं. जिल्हाधिकारी अध्यक्ष, कचेरीत खुर्ची, रजिस्टरात नाव. माजी सैनिकाने तिथे जायचं ते अर्जदार म्हणून. आजचं केंद्रीय सैनिक बोर्ड आणि आपली जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं त्याच वंशातली. अर्जदाराला ओळखपत्र मिळतं. बिल्ला सभासदाला मिळतो.

सभासदांची देशव्यापी लीग आपल्याकडे आली १९६४ मध्ये, फील्ड मार्शल करिअप्पांनी काढलेली. तिचे बिल्ले शोधा, जुनाबाजारी. तोपर्यंत निष्ठा पलटणीकडे आणि कागदपत्रं कलेक्टर कचेरीत अशी वाटणी पक्की झाली होती.

---

निळू_नाशिककर

सहमत. आणि माजी सैनिकाच्या छातीवरचा रोज दिसणारा बिल्ला आपल्याकडे एकच : मेस्को. माजी सैनिक महामंडळाच्या सुरक्षारक्षकाचा. कारखान्याच्या गेटवर कारगिलमधला माणूस आपली बॅग तपासतो आणि आपण त्याला "ओ वॉचमन" म्हणतो.

---

शिंपीदादा_सोलापूर

बऱ्याच दिवसांनी लॉगिन झालो. मी ब्लेझर शिवतो, म्हणून एक साधं कारण सुचवतो. जुनाबाजारींनी सांगितलेला इंग्रजी बिल्ला बघा. मागे चंद्रकोरीसारखा पत्रा असतो, तो कोटाच्या कॉलरच्या काजातून आत सरकवून फिरवायचा. पिन नाही. म्हणजे बिल्ला लावायला आधी लॅपलचा कोट पाहिजे, आणि रोज पाहिजे. साताऱ्याचा नाहीतर रत्नागिरीचा पेन्शनर धोतर, सदरा, वर बंडी नाहीतर बाराबंदी, डोक्याला फेटा. यात काज कुठंय? पदकाला पिन असते, ते बंडीवर बसतं. जुन्या फोटोत बंडीवर पदकं लावलेले म्हातारे दिसतात, बिल्ला कधी दिसत नाही.

आजही माजी सैनिक माझ्याकडे ब्लेझर शिवायला आले की खिशावर पलटणीचा जरीचा बिल्ला मागतात. संघटनेचा अजून कोणी मागितला नाही. एकाने मागितला होता, पण शिवून होईस्तोवर संघटना फुटली.

---

फौजी_सातारकर

शिंपीदादा, पत्ता कळवा. ब्लेझर शिवायचाय.

---

जुनाबाजारी

दादा, हे भारी आहे. माझ्याकडच्या बहुतेक बिल्ल्यांना मागे चंद्रकोरच आहे, आणि इथे मिळालेल्या दोघा-तिघांची चंद्रकोर कोणीतरी कापून मागे पिन झाळली आहे. ते का केलं असेल याचा मी विचारच केला नव्हता.

करिअप्पांच्या लीगचा बिल्ला कोणाच्या घरी असेल तर पाठची बाजू कशी आहे, पिन की चंद्रकोर, एवढं सांगा. विकायला नको, फक्त बघायचाय.

---

कोकणकन्या_७८

पणजोबांच्या डबीत पदकांबरोबर एक गोल, काळपट काहीतरी आहे, मागे आकडे आहेत. मी शर्टाचं बटण समजत होते. उद्या उजेडात बघून सांगते.

---

लंडनची_लीना

चांदीचा असेल आणि मागे क्रमांक असेल तर नीट उतरवून घे. सिल्व्हर वॉर बॅजच्या नोंदवह्या लंडनमधल्या क्यूच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, त्यात बिल्ल्याच्या क्रमांकासमोर माणसाचं नाव आणि पलटण लिहिलेली असते. घासू मात्र नकोस.

---

संपादक

घासू नये यावर सर्वांचे एकमत दिसते. खरेदी-विक्रीच्या चौकशा व्यक्तिगत निरोपातून कराव्यात.